कुंकवाची प्लेट

भिगवणहून सकाळची एसटी धरून बारामतीला यायचं आणि दिवसभर लोकांचे पाय बघायचे, हे माझं काम. जमिनीत बसवलेल्या दोन प्लेटांवर खेळाडू उभे राहतात, उड्या मारतात. प्लेटांमधले सेन्सर दाब टिपतात आणि माझ्या पडद्यावर पावलं उमटतात. दाब जास्त तिथं लाल, कमी तिथं निळी. मग त्या पावलांचे टाच, चवडा, बोटं असे भाग आखायचे. सॉफ्टवेअर ते आपोआप आखतं म्हणतात. पण रानात अनवाणी वाढलेल्या रुंद पायांपुढं त्याचं डोकं चालत नाही, मग माऊस धरून मीच रेघा ओढत बसते. संध्याकाळी एसटीत डोळे मिटले तरी निळे-लाल पंजे दिसतात. कंटाळा आलाय, खरं सांगते.

यंदा खंडेनवमीला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा केली. डाव्या प्लेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, पेढे खाल्ले. सुट्टीनंतर पहिली आली ती निमगाव केतकीची एक कबड्डीपटू. तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले होते. दोन्ही पायांवर सारखा भार येतो असा माझा अहवाल मिळाला, तरच तिला निवड शिबिराला जाता येणार होतं. सोबत वडील होते.

तिनं वाकून प्लेटला नमस्कार केला आणि मग उभी राहिली. उजवं पाऊल लालभडक उमटलं. डावं फिकट निळं, टाच तर जवळजवळ नाहीच. उडी मारायला लावली तरी तेच. कधीकधी माझ्याच रेघा चुकतात, म्हणून सगळे भाग पुन्हा आखले. रेघा बरोबर होत्या.

मी पुन्हा पुन्हा पडद्याकडं बघतेय हे पाहून वडील पुढं आले. "मॅडम, ती कुकवावर पाय कसा दील? पूजेची वस्तू हाय. आमीच तसं वळण लावलंय."

"व्हय, मॅडम," ती खाली बघत म्हणाली.

मला एवढं हायसं वाटलं! वहीला पाय लागला तरी हात जोडणारी माणसं आपण. मला आधीच सुचायला हवं होतं. पुसायला फडकं घेतलं, तर वडिलांनी थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. नवमीचं हाय, आपसूक जाईल."

मग मी तिला तोंड फिरवून उभं केलं. आता कुंकवावर उजवा पाय आणि कोऱ्या प्लेटवर डावा.

उजव्या पायानं स्वस्तिक पार झाकून टाकलं. पडद्यावर ते पाऊल पुन्हा लालभडक. कोऱ्या प्लेटवरचं डावं मात्र होतं तसंच, निळं.

वडिलांना पडद्यावरचं काही कळत नव्हतं. चेहरा कसा खुलला होता! "आता झालं का बरूबर?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत किती जणांना नाही म्हटलंय मी, पण त्या वेळी माऊस उगाच हलवत राहिले.

ती प्लेटवरून उतरली, खाली बसली. उजव्या टाचेला लागलेलं कुंकू बोटानं पुसून कपाळाला लावलं.

"आबा, कुकवाचं काय न्हाय," ती म्हणाली. "पायच टेकत न्हाय."