आप्पांना दाखवलेला कैद्याचा पिक्चर

तो पिक्चर मला मोबाईलवर सापडला, हिंदीत केलेला. अमेरिकेतल्या एका कैद्याची खरी गोष्ट. खुनापायी आत गेलेला माणूस जेलच्या वर्कशॉपात भंगारातनं नव्या तऱ्हेची बंदूक तयार करतो आणि सुटल्यावर मोठा होतो. मला वाटलं, माझ्या वडिलांना, आप्पांना, हेच दाखवावं. माझ्या बडबडीनं त्यांच्यात काही फरक पडत नव्हता, म्हणलं निदान टीव्हीनं तरी पडेल.

कारण माझा धाकटा भाऊ उन्हाळ्यात जेलमधून सुटून आला होता. वडगावात आमचे दोन पॉवरलूम आहेत. चहाच्या गाड्यावर शिवीगाळ झाली, ह्याच्या हातात मागाचा पाना होता, आणि समोरचा पोरगा जिवानिशी गेला. ह्यानं शिक्षा पुरी भोगली. आप्पांची शिक्षा मात्र संपेना. घरात ताट मिळायचं, माडीवर अंथरूण मिळायचं, पण मागाला हात लावायचा नाही. विणकराच्या घरातल्या माणसानं मग करायचं काय? माश्या मारत बसायचं?

त्यानं जेलच्या विणकाम खात्यात डोकं चालवून मागाला बसवायची एक पट्टी शोधून काढली होती. विणताना सुताची तार तुटली की जुना मागसुद्धा आपोआप थांबायचा, साडी खराब व्हायची नाही. घरी आल्यावर माडीवर बसून त्यानं ती परत तयार केली. आणि त्याला एकच हवं होतं. खंडेनवमीला आमच्यात जो तो आपलं हत्यार पाटावर मांडतो आणि मागाजवळ पूजेला उभा राहतो. जो उभा राहिला, तो मागाचा माणूस. ह्या वर्षी त्याला तिथं उभं राहायचं होतं.

सणाला माहेरी गेले तेव्हा आदल्या दिवशी मी तो पिक्चर टीव्हीवर लावला. आप्पा असे रंगले म्हणता! जेलचा साहेब त्या कैद्याच्या हातात कानस देतो, तिथं तर त्यांनी डोळे पुसले.

"आरारा, काय डोकं गं ह्याचं! असा साहेब भेटला म्हणून सोनं झालं बघ माणसाचं."

मला राहवलं नाही. "मग तुमी व्हा की तसा साहेब! घरात हाय की तसलाच एक."

आप्पांचा चेहरा आखडला. "त्यो तिकडचा माणूस. त्याला वडगावात ऱ्हायाचं न्हवतं. मेलेल्या पोराची आई रोज आपल्या दारावरनं जाती. तिला काय दाखवू? माझा ल्योक मागावर बसलेला?"

मला जास्तच चीड आली. बंदुकीनं किती माणसं मेली असतील, ते चाललं. साडी वाचवणारी पट्टी चालत नाही. भाऊ जिन्यात बसून सगळं ऐकत होता, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मागाजवळ पाटावर धोटे, कात्री, पाने मांडले. भावानं दारातूनच पट्टी पुढं केली. आप्पांनी ती घेतली, उलटीसुलटी केली, दाबून बघितली. मग पाटावर मधोमध ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं. माझ्या जिवात जीव आला. तो आत यायला लागला.

"पट्टी ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "उद्या मागाला बसवीन. तू भायेर थांब."

माझं टाळकंच सणकलं. मी पाटावरची पट्टी उचलली. "माणूस भायेर, तर त्याची वस्तू कशाला आत?"

"देवाम्होरची वस्तू उचलतीस? लाज न्हाय व्हय?"

"मला न्हाय! तुमाला हाय का?"

तेवढ्यात भाऊ आत आला. माझ्या मुठीतनं त्यानं पट्टी काढून घेतली. "आक्का, सणासुदीला नको गं," एवढंच म्हणाला, खाली बसला आणि तिच्या जागी ती नीट ठेवली. उठता उठता त्याचा हात मागाच्या लाकडाला लागला, तो त्यानं चटका बसल्यासारखा मागं घेतला.

आरतीचं ताट आप्पांच्या हातात तसंच होतं. भाऊ उंबरा ओलांडून बाहेर गेला, मगच त्यांनी घंटा वाजवली.