हाजराबीचा ओटा

कामरगावात जमशेद सुताराचं घर ओळखायचं ते दारापुढच्या फळ्यांच्या ओट्यावरून. खालून नाली वाहायची. वर बसून गिऱ्हाईक बैलांची बंडी, वखर, तिफण सांगायचं. जमशेद मान डोलवायचा. करायची मात्र त्याची बायको, हाजराबी. बंडीच्या चाकाखाली त्याचा उजवा हात चिरडला, तेव्हापासून परसात, बांबूच्या तट्ट्याआड, लाकूड तासायचा वाकस तिच्याच हाती होता. लोकांना वाटायचं, मिस्त्रीचा हात बरा झाला.

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात एका सकाळी धनजहून बंडी सांगायला आलेल्या पुंजाजींचा पाय सडक्या फळीतून थेट गुडघ्यापर्यंत खाली गेला.

"घरचा ओटा सडला, अन् मायी बंडी कराले निंगाला!" पाय ओढून काढत ते गरजले. "रायलं! मी कारंज्याच्या सुताराले सांगतो."

ते गेले आणि हाजराबी करवत घेऊन बाहेर आली.

"आत चाल," जमशेद दबक्या आवाजात म्हणाला. "गाव पाहून राह्यलं."

"मंग ओटा परसात नेऊ का?"

"लोक हसतीन मले."

"आज पुंजाजी गेले, उद्या सारे जातीन. मंग काय खाचान, शरम?"

पदर खोचून तिनं भर रस्त्यावर ओटा उकलला. फळ्यांचा खालून नुसता भुसा झालेला. नव्या फळ्या ठोकताना तिनं मध्ये बोटबोट जागा सोडली.

"फटी?" जमशेदला राहवेना. "अवो, माया सांध्यात सुई जात नव्हती!"

"म्हनून त पानी अडलं अन् लाकूड कुजलं. मले इचारा, रोज मीच धुत होती."

तिनं घागर उपडी केली. पाणी सरसर नालीत उतरलं. जमशेद बघतच राहिला.

बाजाराच्या दिवशी पुंजाजी वाटेत थबकले. ओट्यावर चढले, टाचा आपटल्या, चक्क उडी मारली. फळी कुरकुरली नाही.

"वा मिस्त्री! पयल्यापरीस झ्याक. तुमचा हातच तसा!"

जमशेदनं शालीतून हात बाहेर काढला. बोटं वाकडी, वाळलेली.

"या हातानं घास बी उचलत नाई, पुंजाजी. ओटा हाजराबीनं केला. तुमच्या वावरात चालते, तो वखर बी तिचाच."

रस्त्यावरची माणसं थांबली. जमशेदची मान ताठ होती.

पुंजाजी दारातल्या हाजराबीकडे वळले. "भाबी, मायी बंडी कवा देता?"

"आधी वाळली बाभूळ आना," ती म्हणाली. "अन् वली आनान, त वापस धाडीन."