वास धरणारा कोळसा

माझ्या आत्याला आमच्या इमारतीत कुणी नावानं हाक मारत नाही. गळ्यात शिवणाची टेप अडकवूनच ती जिना उतरते, दुकानात जाते, दुपारची डुलकीही काढते, म्हणून ती टेपताई. एकतीस वर्षं तिनं एका कारखान्यात दवाखान्याचे गाऊन शिवले. कारखाना बंद पडला आणि ती घरी बसली. त्यानंतरचं एक वर्ष मी समोरच्या दारातून पाहिलंय. स्वतःच्याच घरात ती पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायची.

मग कुठूनसं तिनं मशरूमचं खूळ डोक्यात घेतलं. चार दिवस जाऊन शिकून आली, मागची खोली रिकामी केली, खिडकीला काळं कापड ठोकलं आणि ओल्या पेंढ्याच्या बेचाळीस पिशव्या छताला टांगल्या. दिवसातून तीनदा पाणी फवारायचं आणि खोली सतत दमट ठेवायची. तिसऱ्या आठवड्यात पिशव्यांना पाडलेल्या भोकांतून पांढरे झुबके बाहेर आले, तेव्हा तिनं माझं दार इतकं बडवलं की मी केसांचा साबण तसाच ठेवून धावले. “बघ,” ती म्हणाली, “हे मी केलंय.” एकतीस वर्षांत एकाही गाऊनबद्दल ती असं म्हणाली नव्हती.

खोलीला वास मात्र होता. ओलं पोतं आठवडाभर कोपऱ्यात पडून राहावं, तसा आंबूस. मशरूमना मोकळी हवा लागते, म्हणून आत्यानं पंखा बसवला होता आणि तो सगळा वास इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे मागच्या उभ्या बोगद्यात, ढकलत होता. त्या डक्टमध्ये वरच्या मजल्याची खिडकी उघडते, हा विचार आमच्या दोघींच्याही डोक्यात आला नाही.

एका सकाळी वरच्या बाई खाली आल्या. मी कंबर कसूनच पुढे झाले. मी तोंडाची फटकळ आहे, हे मीच सांगून टाकते, म्हणजे इतरांना कष्ट नकोत.

“भांडायला नाही आले, ताई,” त्या आत्याला म्हणाल्या. “सुनेला तिसरा महिना लागलाय. हा वास आला की तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. पंधरा दिवसांत चार किलोनं उतरलीय. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल.”

माझी कसलेली कंबर तिथंच ढिली पडली. आत्या उठली आणि तिनं पंखा बंद केला.

“हवेशिवाय माझ्या पिशव्या आठवडाभर तग धरतील,” ती म्हणाली. “तेवढ्यात वास अडवायचं काही जमलं तर ठीक. नाही जमलं तर खोली रिकामी करते. शब्द देते.”

त्या गेल्यावर मी आत्यावर तोंड सोडलं. असा शब्द कोण देतं? महिनाभर तरी मागायचा! आत्या म्हणाली, “पोटुशी पोर उपाशी आहे आणि तू दिवसांची घासाघीस करतेस?” मी माघार घेतली. असं फार वेळा होत नाही.

कोळसा वास शोषतो एवढं तिनं ऐकलं होतं. पहिल्या दिवशी ती इस्त्रीवाल्याकडून पिशवीभर कोळसा घेऊन आली. इमारतीखाली शोभेच्या माशांचं दुकान चालवणाऱ्या गृहस्थांनी तो पाहिला आणि पोट धरून हसले. “टेपताई, हा इस्त्रीलाच राहू द्या. वास धरायचा तर मुद्दाम तयार केलेला कार्बन लागतो. त्याच्या दाण्यादाण्याला डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी भोकं असतात, त्यांत वास अडकतो. आम्ही माशांच्या पाण्यासाठी वापरतो.” हसून झाल्यावर त्यांनी सहा किलो काढून दिला, आणि तो आधी चाळून घ्या, नाहीतर घरभर काजळी उडेल, असंही बजावलं.

आत्यानं गच्चीवर तो चाळला. खाली आली तेव्हा तिचे फक्त दात आणि टेप ओळखू येत होते. मग तिनं तारेच्या जाळीची दोन नळकांडी केली, एक मोठं, एक लहान. लहान मोठ्याच्या आत उभं केलं आणि दोन्हींमधल्या दोन इंच फटीत कार्बन भरला. जाळीच्या कडा तिनं बारीक तारेनं चक्क टाके घालून शिवल्या. वरचं तोंड बादलीच्या झाकणानं बंद केलं, खालच्या तोंडाला पंखा जोडला. खोलीतली हवा कोळशातून गाळून मगच डक्टमध्ये जाणार. धूळ अडवायला बाहेरून सुती कापडाची खोळ शिवली, तीही दुहेरी शिलाईची. “याला काय उशाला घ्यायचंय?” मी म्हटलं. “उसवलेलं माझ्या हातून बाहेर जात नाही,” ती म्हणाली.

पाचव्या दिवशी तिनं ते धूड खोलीत टांगून पंखा लावला. तासाभरानं डक्टच्या तोंडाशी नाक नेऊन तिनं दीर्घ श्वास घेतला. “काही नाही! वास गेला!” मीही हुंगलं. खरंच काही नव्हतं. आनंदाच्या भरात आम्ही दुपारभर पंखा चालू ठेवला.

संध्याकाळी वरच्या बाई दारात आल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या थकलेल्या होत्या. “दुपारपासून सहा वेळा उलटी झाली तिला,” त्या म्हणाल्या.

मला शरमेनं मान वर करवेना. दोन महिने आम्ही त्याच वासात वावरत होतो. आमच्या नाकांना तो पहिल्या आठवड्यातच कळेनासा झाला होता, आणि त्याच नाकांनी आम्ही परीक्षा घेतली होती. आत्यानं पंखा बंद केला आणि स्टुलावर बसून राहिली. “त्या पोरीला मी त्रास दिला,” ती म्हणाली. टांगलेल्या पिशव्यांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. हवेविना मशरूमचे देठ काडीसारखे लांबायला लागले होते. आता तिनं खोली सोडावी असं मला वाटलं आणि ती सोडेल याची भीतीही वाटली.

सकाळी तिनं खोळ काढून मूठभर कार्बन हातात घेतला. तो ओला होता, चक्क गोळा होत होता. आत्यानं तो बोटांनी चुरडला आणि एकदम म्हणाली, “ओल्या कापडावर कधी खडू उठतो का गं?”

“मला काय माहीत?”

“नाही उठत. आधी कापड सुकवावं लागतं. या खोलीत मीच दिवसातून तीनदा पाणी उडवते. ओल्या कोळशात वास शिरणार कुठून?”

मग तिनं आख्खा कार्बन मोठ्या कढईत मंद आचेवर सुकवला. कोळसा भाजणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. नळकांडं तिनं दमट खोलीतून काढून घरातल्या कोरड्या बोळात, न्हाणीघरावरच्या माळ्याला टांगलं. खोलीचं दार चार बोटं उघडं ठेवलं, म्हणजे आतली ओली हवा बोळातल्या कोरड्या हवेत मिसळून मगच कोळशापर्यंत पोचेल. पंख्यापासून डक्टपर्यंत नवा पाइप लावला. हे सगळं करता करता सातवा दिवस मावळला.

आठव्या दिवशी सकाळी ती पंखा न लावताच वर गेली. मी मागोमाग. सून पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या. आत्या तिच्यासमोर खाली बसली.

“माझं नाक कामाचं नाही, बाळा. तुझं आहे. खाली येशील? मळमळलं तर नुसता हात वर कर, मी त्याच क्षणी बटण बंद करीन आणि आजच पिशव्या उतरवीन.”

सासूबाई नको म्हणत होत्या. सून मात्र उठली. “येते, काकू. मलाही या खोलीचा कंटाळा आलाय.”

बोळात तिला खुर्चीवर बसवलं, अगदी पाइपच्या तोंडाशी. आत्यानं पाइप डक्टमधून काढून तिच्या बाजूला वळवला आणि बटण दाबलं. पंखा घुमायला लागला. सुनेनं डोळे मिटून श्वास घेतला, मग आणखी एक. सासूबाई हातात पातेलं घेऊन तयार उभ्या होत्या. मी सुनेच्या हातावरून नजर हलवली नाही.

“काही येत नाहीये,” ती म्हणाली.

“माझी भीड धरू नकोस हं,” आत्या म्हणाली. “खोलीचं काय, ती जाईल. खरं सांग.”

“खरंच नाही, काकू.” ती जरा थांबली आणि संकोचून म्हणाली, “घरात पाव आहे का? मला भूक लागलीय.”

मी धावत जाऊन पावाचे दोन तुकडे आणले. तिनं ते त्या वाऱ्यातच बसून हळूहळू चावून खाल्ले. सासूबाईंनी पातेलं खाली ठेवलं नव्हतं. आत्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी होती. दहा मिनिटं गेली, मग वीस. अर्धा तास होत आला.

सुनेनं ओढणीनं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“अजून आहे पाव?”