तळ्यातल्या बंगल्यावरचे तीन उपास

तामलवाडीकडच्या माळामागं एक जुना तलाव होता. तलावाच्या मधोमध बेट, आणि बेटावर कुण्या हौशी नबाबानं शंभर वर्षांपूर्वी बदकांच्या शिकारीसाठी बांधलेला तीन कमानींचा बंगला. नबाब गेला, बदकं राहिली. पुढं निजाम सरकारचे थकलेभागले अंमलदार तिथं विसाव्याला येऊ लागले, आणि त्यांची बडदास्त धुळाप्पाकडं आली. धुळाप्पा राखणदार, झाडूवाला आणि नावाडीसुद्धा. नाव मात्र नव्हती. गूळ शिजवायची एक भलीमोठी जुनी काहील होती. तीत पाहुण्याला बसवून तो वल्हं मारत बेटावर न्यायचा. नवा साहेब दोन्ही हातांनी काठ गच्च धरी आणि धुळाप्पा मिशीत हसे. चाळीस वर्षांत एकही साहेब भिजवला नाही, याचा त्याला भारी तोरा होता.

फसली १३५३ च्या, म्हणजे इंग्रजी १९४४ च्या माघात एक मुन्सफसाहेब, खालच्या कोर्टाचे न्यायाधीश, आले. हकिमानं त्यांना सक्त विश्रांती सांगितलेली, आणि विश्रांती घ्यायला त्यांनी पेटीभर कागद बरोबर आणलेले! ती पेटी खांद्यावर घेऊन धुळाप्पा घाटाच्या पायऱ्या चढला. साहेबांनी मधल्या कमानीत मेज मांडून घेतलं आणि हुकूम सोडला, "इधर कोई नहीं आना. कागज को हात नहीं लगाना." चहासुद्धा लांबच्या खांबापाशी ठेवायचा.

दुपारी धुळाप्पा अंघोळ करून पूजेला बसला. गळ्यातलं वस्त्र सोडलं, तर आत लिंगच नाही. वस्त्राचा कोपरा झिजून फाटला होता.

लिंगायताच्या गळ्यात लिंग जन्मल्यावर स्वामी बांधतात, आणि मेल्यावर तेच हातात ठेवून त्याला मूठमाती देतात. त्याची पूजा झाल्याबिगर घास घ्यायचा नाही. नवं द्यायचं तर तेही स्वामींनीच. आणि गावचे स्वामी कर्नाटकात जत्रेला गेलेले, आठ दिवस परतणार नव्हते. धुळाप्पाचं वय साठीचं.

त्यानं बायकोला, इरम्माला, हाक मारली. दोघांनी पायऱ्या बोटांनी चाचपल्या, काहील पालथी केली, घाटाजवळचा गाळ उपसला. हाती काही लागलं नाही. इरम्मा म्हणाली, "सायबाला इचारा की." धुळाप्पा तिच्यावरच उखडला. "आरामाला आल्यात ते. माझं रडगाणं त्यांच्या कानावर कशाला?" इतका भिडस्त माणूस! जीव जाईल, पण साहेबाच्या कामात खोळंबा व्हायचा नाही.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तो नुसत्या पाण्यावर होता. साहेबांसाठी इरम्मानं थापलेल्या भाकरीचा वास आला की तोंड फिरवून बसे. उपाशी मरायची त्याला एवढी धास्ती नव्हती. रिकाम्या हातानं मातीत जावं लागेल, याची होती.

तिसऱ्या दिवशी चहा नेताना त्याला घेरी आली. कपबशी खाली आपटली आणि तो खांबाला धरून मटकन बसला. साहेब धावत आले. "क्या हुआ? बीमार हैं क्या?"

धुळाप्पा मान हलवत राहिला. इरम्माला मात्र राहवलं नाही. "तीन दिस झालं सरकार, अन्नाला शिवलं न्हाईत! गळ्यातलं लिंग हरवलंय त्यांचं."

"कैसा रहता वो?"

धुळाप्पानं बोटांनी दाखवलं. "काळं, गुळगुळीत. आवळ्याएवढं असतंय, सरकार."

साहेबांचा चेहरा उतरला. ते मेजाकडं वळले, पण जवळ गेले नाहीत. चार पावलं लांब उभं राहून त्यांनी बोट दाखवलं. कागद उडू नयेत म्हणून त्यांवर एक काळा गुळगुळीत दगड ठेवला होता. आल्या दिवशी पायरीवर सापडलेला. "मुझे क्या मालूम," ते हळूच म्हणाले. "पत्थर समझा."

धुळाप्पा रांगतच मेजापर्यंत गेला. वाऱ्याचा जोर होता. त्यानं हात पुढं केला आणि थबकला. "सरकार, कागद..."

"उठाओ, बाबा."

त्यानं लिंग उचलून छातीशी धरलं. तीन दिवसांचं लिखाण भुर्रकन उडालं आणि तळ्यावर पसरलं. बदकं कलकलाट करत बाजूला झाली. इरम्मा धरायला धावली, तर साहेबांनी तिला थांबवलं. "जाने दो." मग खुर्चीत मागं रेलून ते पोटभर हसले. आल्यापासून पहिल्यांदाच.

धुळाप्पानं अंघोळ केली, पूजा केली, ढसाढसा रडला आणि मग जेवायला बसला. साहेब समोरच्या पायरीवर बसून राहिले. भाकरी संपली की इरम्माला खूण करत, आणखी वाढ.

पुढचे पाच दिवस त्यांनी नुसती बदकं पाहिली. निघताना काहिलीत बसण्याआधी त्यांना पाण्याकाठी एक काळा गोटा दिसला. वाकून हात लावणार, तोच त्यांनी हात मागं घेतला आणि धुळाप्पाकडं वळून विचारलं, "बाबा, ये किसी का देव तो नहीं ना?"

धुळाप्पानं छातीवरच्या नव्या वस्त्राची गाठ चाचपली. "न्हाय सरकार," तो म्हणाला, "न्या खुशाल."