शिरूरच्या लग्नात वाजलेली मामांची शिट्टी

अशा गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलेय. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी क्वालिटी लॅबला आहे. सॅम्पल पास किंवा नापास, मधलं काही नाही. चर्चमध्ये कुणी “मला अमुक दिसलं” म्हणालं की मी म्हणायचे, आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. त्यामुळं तुम्ही मला हसलात तरी तक्रार नाही… फक्त शेवटपर्यंत वाचा आणि मग हसा.

आधी बँडचं सांगते. आम्ही पाच जण दौंडच्या रेल्वे कॉलनीतले, आणि आम्ही ब्राझीलचं जुनं संगीत वाजवतो — साम्बा, बोसा नोवा, जॅझच्या अंगानं. हो, दौंडमध्ये! लोक आम्हाला ‘पोर्तुगीज भजनी मंडळ’ म्हणतात, म्हणू देत. हे खूळ माझ्या जोसेफमामांचं. मामा रेल्वेत गार्ड होते. एका गोवेकर सोबत्यानं दिलेल्या कॅसेटी ऐकून ऐकून ते शिकले आणि आम्हाला शिकवलं. मी ड्रम्सवर, माझा नवरा डॅनियल सॅक्सोफोनवर, विल्सन गिटारवर, आणखी दोघं बास आणि कीबोर्डवर.

साम्बा वाजवताना म्होरक्या शिट्टीनं सगळ्यांना हाकतो. मामांनी त्यासाठी आपली गार्डाचीच शिट्टी काढली. एक लांब, दोन तोकड्या — की जिथं असाल तिथं ठप्प. काठी हवेत असेल तर हवेतच. एक ठोका जास्त पडला की मामा सगळ्यांसमोर झापायचे, “गाडी सिग्नलच्या पुढं गेली, पोरी! मेली माणसं!” इतकी वर्षं हे केल्यावर ती शिट्टी डोक्याच्या आधी हातापायांनाच कळायला लागते. डॅनियल तर थांबताना डावी टाच उचलून तसाच राहायचा, बगळ्यासारखा. मी त्याला त्यावरून कायम चिडवायचे.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. शवपेटीत त्यांच्या कोटाच्या खिशात ती शिट्टी मी माझ्या हातानं ठेवली आणि विल्सननं माझ्यादेखत झाकण ठोकलं. हे नीट लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात शिरूरजवळच्या एका लग्नाचं बोलावणं आलं. नवरदेवानं आम्हाला नाताळात ऐकलं होतं, त्याचीच हौस. भर दुपार, मांडवात पंगती चालू. त्याचे चुलते, सगळे त्यांना आप्पा म्हणत, स्वतः फेटे घेऊन स्टेजवर आले. “आमच्यात मानाच्या माणसाचं डोस्कं उघडं ऱ्हात न्हाई,” म्हणाले. “ताई, तुमाला बी बांधायचा.” आमचा ड्रेस पांढरा शर्ट. वऱ्हाडातल्या निम्म्या पोरांचाही पांढराच शर्ट, आणि आता सगळ्यांच्या डोक्यावर तोच केशरी फेटा. मला तेव्हा फार बरं वाटलं. वाजवणाऱ्यांना असा मान कोण देतं?

दोन-तीन गाणी झाली असतील. चार पोरं पिऊन टाईट होऊन स्टेजपुढं आली. “ओ, ह्ये काय रडगाणं लावलंय? डीजे लावा!”

डॅनियल हसून म्हणाला, “भाऊ, एवढं एक होऊ द्या.”

त्यातल्या एकानं विल्सनच्या गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर लाथेनं खाली पाडला. मी गप्प बसणारी बाई नाही. काठी फेकून त्याच्या कपाळावर मारली आणि वर एक सणसणीत शिवीही दिली. अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

मग मात्र सगळंच सुटलं. खुर्च्या उडाल्या. कीबोर्ड मधोमध मोडला. कुणाचं तरी नाक फुटलं, माझ्या झांजेवर रक्त उडालं. आप्पा ओरडत होते, “आरं सोडा, पाव्हणं हायती ती!” पण कोण ऐकतंय… आणि ज्याला मी काठी मारली होती, त्यानं नवरदेवाच्या खुर्चीजवळची तलवार उपसली. फोटोपुरती आणलेली, पण खरी. तो सरळ माझ्यावर आला. डॅनियल मध्ये पडला आणि त्यानं पातं उघड्या हातानं धरलं. तेवढ्यात मागून लोंढा आला आणि मी ड्रम्ससकट आडवी झाले.

उठले तेव्हा धुळीत काही धड दिसत नव्हतं. पुढ्यात एक पाठमोरा माणूस — केशरी फेटा, पांढरा शर्ट, पाठीवर रक्ताचे डाग आणि हातात ती तलवार. डॅनियल कुठं दिसेना. मला वाटलं, यानं माझ्या नवऱ्याला कापलं. डोकं भणाणलं. झांजेचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या टाळक्यावर नेम धरला. खोटं कशाला बोलू, मला त्याला मारूनच टाकायचं होतं.

आणि शिट्टी वाजली.

एक लांब. दोन तोकड्या. अगदी मामांची.

माझे हात डोक्यावर होते तिथंच थिजले. अख्खा मांडव हाणामारी करत होता, आणि माझ्यासमोरचा तो माणूसही ठप्प झाला. तलवार अर्धवट उचललेली… आणि डावी टाच वर.

स्टँड माझ्या हातातून गळून पडला. तलवार डॅनियलनं हिसकावून घेतली होती. मी माझ्या नवऱ्याची कवटी फोडणार होते, वाचकहो. एका क्षणाचाच अवकाश होता.

त्याच शिट्टीनं विल्सनही थांबला, आणि थांबला म्हणूनच समोरून आलेली खुर्ची त्याला चुकवता आली नाही. जबडा मोडला. महिनाभर नळीनं सूप पीत होता बिचारा.

नंतर मी आप्पांना विचारलं. ते हात जोडून माफी मागत होते. “शिट्टी? कसली शिट्टी, ताई? म्या तर तिथंच हुतो, न्हाई बा ऐकली.” कुणीच ऐकली नव्हती, आम्हा पाच जणांशिवाय. पोलिसांची म्हणावी, तर ते बऱ्याच वेळानं आले. मग मी व्हिडिओवाल्याला गाठलं आणि तो भाग पुन्हा पुन्हा बघितला. आवाजात शिट्टी नाही. पण चित्रात आम्ही पाचही जण एकाच क्षणी गोठलोय.

“पॉज केलंयस का रे?” मी विचारलं.

“न्हाई ओ ताई,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “मागची मान्सं बघा की, पळत्यात.”

मी दौंडच्या दफनभूमीत गेले. माती तशीच, क्रूस तसाच. खूप भांडले मामांशी. म्हटलं, फुंकायचीच होती तर तलवार निघाली तेव्हाच का नाही फुंकलीत? रडून रडून घसा बसला. पाच जणांना एकदम भास कसा होतो, हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर खरंच सांगा. माझ्या लॅबमध्ये हे सॅम्पल पासही होत नाही, नापासही होत नाही.

डॅनियलचा सॅक्सोफोन सुटला. हाताची दोन बोटं शिवली, पण ती वाकत नाहीत. आता तो मामांच्या जागी उभा राहतो. नवी शिट्टी आणून ठेवलीय, पण ती ओठाला लावायला आमच्यात कुणी धजत नाही. थांबायचं असलं की डॅनियल तो हात वर करतो, दोन बोटं ताठच राहतात, आणि मी काठी हवेत धरून त्याच्याकडं बघत बसते.