काचेतला फोटो

पांढरकवड्याच्या बसस्टँडसमोर काकांचा फोटो स्टुडिओ आहे. भरतीत निवड झाली नाही की पुढच्या अर्जासाठी मी जुन्याच फोटोच्या प्रती मागते. ते ऐकत नाहीत, मला स्टुलावर बसवतात.

"जुना कायले लावतं माय? त्यात तू घाबरेल दिसून राह्यली. मान वर कर."

आधी मला राग यायचा. पण ते निकालाचं कधीच विचारत नाहीत, नुसता आरसा पुढे करतात.

दारातल्या काचेत ते फक्त नोकरी लागलेल्यांचे फोटो लावतात. काल तिथे, वर्दीतल्या पोरांच्या मधोमध, मी दिसले.

"काका, मले कुठं लागली नोकरी?"

"लागन तवा लागन," लेन्स पुसत ते म्हणाले. "पाह्य तं, मान कशी वर हाये."