सभेआधी दारोदार जाणारा माणूस

“कुणाला विचारायचं राहिलं?” असं म्हणतच भाऊ माझ्या टेबलाशी यायचे. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर आयुष्यभर टपाल वाटून निवृत्त झालेला माणूस. पायांना थांबणं ठाऊक नव्हतं. गावानं त्यांना ग्रामसभेचा अध्यक्ष केलं होतं. मी तिथला ग्रामसेवक.

गावात तलाव व्हायचा होता. त्याला ग्रामसभेची संमती हवी होती आणि वरून रोज फोन यायचा, “ठराव कुठाय?” मी तीन दिवसांची नोटीस फळ्यावर डकवली. तुम्हीही अशा नोटिसा पाहिल्या असतील. त्या वाचण्यासाठी नसतात, लावल्या हे दाखवण्यासाठी असतात.

भाऊंनी ती मोठ्यानं वाचली. “‘भूसंपादनास अनापत्ती.’ ग्रामसेवक, हे हो हाय का नाय?”

“म्हणजे जमीन द्यायला हरकत नाही.”

“मग तसं लिहा ना. कुणाची जमीन, ते बी लिहा. अर्धं गाव सायखेड्याला द्राक्षबागांत मजुरीला हाय. सभा कुणाची घेता?”

मी चिडलो. पण सभा पुढे ढकलली, साहेबांची बोलणी खाल्ली. दुसऱ्याच दिवशी भाऊ तलावाचा नकाशा काखेत मारून माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. वाटभर त्यांची चुळबुळ चालू होती.

बागेत मजुरांची जेवणाची सुट्टी झाली होती. भाऊंनी नकाशा मातीवर पसरला, पाणी कुठवर येईल ते बोटानं दाखवलं. गावातल्याच एका बाईनं विचारलं, “जमीन कुणाकुणाची जाणार?”

“पाच घरांची. त्यातलं एक माझं.”

“आन् पाणी?”

“उन्हाळ्यापर्यंत पुरंल म्हणतात. दुसरं पीक निघंल.”

तिनं हातातली भाकरी फडक्यावर ठेवली. म्हणाली, “तसं झालं तर आम्ही इथं कशाला येऊ, भाऊ?”

भाऊंनी नकाशा गुंडाळला. परतताना एवढंच म्हणाले, “हे माझ्या ध्यानातच नव्हतं.”

मजूर परतल्यावर सभा झाली. दुपारभर भांडणं चालली. पाच घरांना बदली जमीन आधी दाखवायची, ही अट लोकांनीच घातली. हात भाऊंनी मोजले. ठराव मंजूर झाला. त्यांचा स्वतःचा हात खालीच होता.

सही करताना त्यांनी पेन दोनदा उचललं. “माझा विरोध लिहा. पण ठराव गावाचा हाय, तो बी नीट लिहा.”

त्यांचं भाताचं खाचर पाण्याखाली गेलं. बदली जमीन दाखवली होती तीच मिळाली, पण वीतभर मातीखाली खडक निघाला. तिथं भात काही धरेना. ते सिन्नरला लेकीकडे गेले आणि तिथंच वारले. बागेत भेटलेली ती बाई आता हिवाळ्यात गावातच हरभरा करते.

माझी बदली झाली. नव्या गावात सभा पंधरा मिनिटांत आटोपते. सगळे हात एकदम वर जातात, माणसं चहा पिऊन निघून जातात. मी मात्र रजिस्टर उघडंच ठेवून दाराकडे बघत राहतो, अजून कुणीतरी अडवायला येईल म्हणून.